सोप्यातल्या खांबावरची पाठ

मी एक जुना खांब आहे. मित्रांनो, मी नवा कोरा होतो तेव्हापासून लोक मला जुना म्हणत आले. तेव्हा ते खोटे होते. आता ते खरे झाले आहे, पण आता ते म्हणायला फारसे कोणी येत नाही.

निपाणीत मारुतीरावांच्या घरी, बाहेरून आत आल्यावर जो मोठा सोपा लागतो, तिथे मी उभा आहे. आम्ही चार खांब आहोत. दारातून आत येताना डाव्या हाताचा पहिला तो मी. त्र्याहत्तर साली माझा जन्म झाला. वेदगंगेची वाळू, खडी, सिमेंट आणि पोटात लोखंडी सळ्या. आण्णाप्पा गवंडी कन्नडमध्ये मोजायचा आणि मराठीत शिव्या द्यायचा. त्याने मला फळ्यांच्या साच्यात ओतले, साचा काढल्यावर गोणपाट गुंडाळले आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारत राहिला. गोणपाट सुटले तेव्हा मी राखेच्या रंगाचा होतो. अंग गार होते. मला धरून कोणी मूल गरगर फिरले नव्हते, माझ्याआड उभे राहून कोणी रडले नव्हते. मला वाटले, हे सगळे आता सावकाश होईल. खांबाला कसली घाई असते?

पण मारुतीरावांना घाई होती.

मारुतीराव तंबाखूचे व्यापारी. त्यांच्या आजोबांनी डोक्यावरून लोकांचा तंबाखू वाहिला. वडिलांनी दलाली केली. मारुतीरावांनी स्वतःची वखार घातली आणि मग हे घर बांधले. त्यांच्या लेकीला कोल्हापूरकडच्या एका जुन्या घराण्यातून मागणी आली होती. त्या घरी सागवानी खांब होते, धुराने आणि हातांनी काळेभोर झालेले. तिथे जाऊन आल्यापासून मारुतीरावांना स्वतःच्या घरात चैन पडेना. पाहुणे परत घर बघायला येणार होते.

म्हणून त्यांनी भीमसेनला बोलावले.

भीमसेन खालच्या गल्लीतला. आधी तो एका नाटक कंपनीत पडदे रंगवायचा, पुठ्ठ्याचे खांब राजवाड्यासारखे करायचा. कंपनी बंद पडली तसा तो गावी परत आला होता. त्याने माझ्या अंगावर बोटाने टकटक केली.

“पाव्हनं यायच्या आत हे जुनं दिसाय पायजेत,” मारुतीराव म्हणाले.

“किती जुनं?”

“माझ्या आज्याच्या येळचं.”

भीमसेन हसला. “मालक, ह्येचं तर अजून अंगावरचं दूध सुटलं न्हाय.”

“म्हनून तर तुला आनलाय. लाग कामाला.”

मित्रांनो, तरुणाला म्हातारे कसे करतात ते मी माझ्या अंगावर पाहिले. भीमसेनने आधी सरस लावला. त्यावर पिवळी माती आणि गेरू यांचा रंग दिला. सायकलच्या फाटक्या ट्यूबचा तुकडा कापून त्याने त्याला कातरीने दात पाडले होते. तो ओल्या रंगावरून वरून खाली ओढला की लाकडाच्या शिरा उठायच्या. मध्येच अंगठा दाबून फिरवला की गाठ पडायची. दात घासायचा जुना ब्रश काळ्या रंगात बुडवून त्याने माझ्यावर शिंतोडे उडवले, तेव्हा भुंग्यांनी पोखरल्यासारखी भोके दिसू लागली. कोपऱ्यांत त्याने काजळी भरली. शेवटी वखारीतून तंबाखूच्या काड्या आणून त्या मागच्या परड्यातल्या चुलीवर उकळल्या. ते तांबूस काळे पाणी घोसाळ्याच्या वाळलेल्या जाळीने तो माझ्या अंगावर टिपत गेला.

मारुतीरावांच्या पत्नी जयाबाई नाकाला पदर लावून बाहेर आल्या. “भीमसेन, घरभर वास सुटलाय की रं! पाव्हनं जेवायचं का शिंकायचं?”

“वैनी, ह्या वासावरच तर घर उभं हाय,” तो म्हणाला.

जयाबाई हसून आत गेल्या. काम संपले असे सगळ्यांना वाटले. भीमसेन मात्र लांब जाऊन उभा राहिला आणि मान हलवू लागला.

“चुकलं मालक.”

“आता काय? झ्याक तर झालाय.”

“मळका झालाय, जुना न्हाय झाला. जुन्या खांबाला मानसं टेकल्याली असत्यात. पाठ टेकून टेकून एक जागा तेलकट काळी पडती. ती बघून मानूस म्हंतंय, हितं कोनतरी बसायचं.”

“मग कर की तसं.”

“कुनाची पाठ करू? तुमचं आजोबा उंचीला केवढं हुतं? कसं बसायचं?”

मारुतीरावांच्या आजोबांच्या झोपडीला भिंतीऐवजी काटक्यांचा कूड होता. त्याला टेकले तर कूड आत यायचा.

“तुला सुचंल ती कर,” ते शेवटी म्हणाले. “पर मोठ्या मानसाची दिसाय पायजे.”

दुसऱ्या दिवशी भीमसेन आला तेव्हा त्याच्या खिशात गाठी मारलेली सुतळी होती. ती माझ्या अंगाला लावून त्याने खुणा केल्या. मग तळव्याने, कोपराने, कापडाच्या बोळ्याने तो दिवसभर एकाच जागी घासत राहिला. तेल, काजळी आणि पुन्हा तंबाखूचे पाणी. हळूहळू माझ्यावर एक पाठ उमटली. डावा खांदा खोल, उजवा पुसट, आणि दोन्हींच्या वर, जिथे डोके टेकते तिथे, एक लहान गोल डाग.

दुपारी त्याची आई तानीबाई भाकरी घेऊन परड्याच्या दारात आली. ती मारुतीरावांच्याच वखारीत कामाला होती. पाने निवडायची, काड्या काढायची, भुकटी चाळायची. तिला खोकला होता. ओझी उचलून तिचा उजवा खांदा धरला होता, म्हणून ती डावीकडे कलून चालायची.

“तानीबाई, डबा तितंच ठेव गं,” जयाबाई आतून म्हणाल्या. “फरशी आत्ताच पुसलीया.”

“व्हय आक्का. दारातच हाय मी.”

जयाबाई वळल्या तसा भीमसेन हळूच म्हणाला, “आये, हिकडं बघ. वळखीची हाय का?”

तानीबाईने दारातूनच डोळे बारीक केले. “कुनाची रं पाठ?”

“तुझी. वखारीच्या खांबावरनं उचलून आनली.”

मला तेव्हा कळले. जुन्या वखारीला लाकडी खांबांची वसरी, म्हणजे ओसरी, होती. दुपारी बायका तिथे भाकरी खायच्या. तानीबाई लग्न होऊन आल्यापासून एकाच खांबाला टेकत आली होती, आणि त्या लाकडावर तिची पाठ आणि अंबाडा उमटला होता. आता ती वखार पाडून सिमेंटची बांधत होते. वसरीचे खांब सरपणात निघाले होते. ते फुटायच्या आत भीमसेन सुतळी घेऊन गेला होता.

तानीबाई इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. “मुडद्या, मालकाच्या सोप्यात माझी पाठ? त्यांला कळलं तर तुझी सोलतील.”

“त्यांला मोठ्या मानसाची पायजे हुती. मी आनली.”

तिचे हसू थांबले. ती माझ्याकडे बघत राहिली.

“आत ये,” भीमसेन म्हणाला. “एकडाव टेकून बघ. बरोबर बसतीया का मला बघायचंय.”

तानीबाईने ओल्या फरशीकडे पाहिले. मग स्वतःच्या पायांकडे पाहिले. पायांवर तंबाखूची भुकटी होती.

“आज नगं. फरशी वली हाय.”

“मग कवा?”

“वाळल्यावर.”

डबा उंबऱ्यावर ठेवून ती गेली. भीमसेनने माझ्यावर रोगणाचा हात दिला. त्यानंतर माझ्या मनात एकच गोष्ट राहिली. ज्या बाईची पाठ मी अंगावर बाळगतो, ती एकदा तरी माझ्यापाशी येऊन टेकावी.

पाहुणे आले. वराचे आजोबा काठी टेकत माझ्याजवळ थांबले. “हे काय?”

“आमच्या आज्यांची बसायची जागा,” मारुतीराव म्हणाले. “आन् ही वरची गोल खूण म्हंजे फेट्याची गाठ.”

त्या वृद्ध पाहुण्यांनी माझ्या अंगावरून मायेने हात फिरवला. “असं घर बघून सोयरीक करावी,” ते म्हणाले. जयाबाई चहाचा ट्रे धरून उभ्या होत्या. त्यांनी खाली पाहिले. लग्न ठरले.

पुढची काही वर्षे माझ्या कौतुकाची होती. येणाऱ्या प्रत्येकाला मारुतीराव माझ्यापुढे उभे करायचे. आजोबा इथे बसून पान खायचे, आजोबा इथे बसून भांडणे मिटवायचे, असे काही ना काही दरवेळी वाढायचे. एकदा पाहुणे गेल्यावर जयाबाई म्हणाल्या, “तुमच्या आज्याच्या डोक्याला धड चुंबळ नव्हती, त्येंला तुमी फेटा बांधलासा.” मारुतीराव रागावले नाहीत. मला वाटते, त्यांना ते ऐकूच आले नाही. ते स्वतःच त्या फेट्यावर विश्वास ठेवू लागले होते.

मग घरात सून आली, शेवंता. साधी, मायाळू मुलगी. तिला कोणी काही सांगितले नव्हते. तिने मोठ्या भक्तीने माझ्यावरच्या पाठीला कुंकू लावायला सुरुवात केली. रोज परड्यातले एक फूल वाहू लागली. पितृपंधरवड्यात माझ्यापुढे पान वाढू लागली.

मित्रांनो, देव्हाऱ्यातल्या देवासारखे फूल मला मिळत होते. ज्या पाठीला ते वाहिले जात होते, ती पाठ नव्या वखारीत भुकटी चाळत होती.

भीमसेन दिवाळीआधी मला पुसायला यायचा. तेलपाण्याने रोगण उजळायचा. कुंकवाला हात न लावता बाजूने पुसायचा. एकदा एवढेच पुटपुटला, “आये येती म्हनती, पर सवड न्हाय.” त्याचे काम कमी झाले होते. लोकांना आता डब्यातले चकचकीत रंग हवे होते, गुलाबी आणि पोपटी. नव्याला जुने करून घेणारे कोणी राहिले नव्हते. तो दुकानांच्या पाट्या आणि ट्रकांच्या फळ्या रंगवायचा.

ब्याऐंशी सालच्या पावसाळ्यात एका सकाळी वखारीतल्या बायका दारात आल्या. अंगणात बऱ्याच उभ्या होत्या. मारुतीरावांनी बोलायला दोघींना आत घेतले. एक गंगव्वा, तोंडाची फटकळ. दुसरी तानीबाई.

ती पहिल्यांदाच सोप्यात येत होती. खूप वाळली होती. पावसाळी हवेने माझ्या अंगातून तंबाखूचा वास सुटला होता. ती दारातच थबकली आणि तिने श्वास घेतला.

“काय काम काडलासा?” मारुतीराव म्हणाले.

“मालक, नव्या वखारीला वसरी न्हाय,” गंगव्वा म्हणाली. “दुपारची भाकरी रस्त्याकडंला बसून खातोय. ट्रक गेला की भाकरीवर धूळ, पाऊस आला की भाकरीत पानी.”

“सिमेंटची वखार बांधली. पंखा लावला. अजून काय?”

“पंखा मालाला लावलाय मालक. आमाला न्हाय.”

“डोक्यावर सावली पायजे,” तानीबाई म्हणाली, “आन् पाठीला कायतरी. बसून टेकायपुरतं. दुसरं काय न्हाय.”

एवढे बोलल्याने तिला उबळ आली. ती वाकली. आधाराला तिने माझ्याकडे हात केला. मी नऊ वर्षे ज्या हाताची वाट पाहत होतो तो एक वीत लांब होता.

“मावशी, तितं नगं!” शेवंता धावत आली. “आज्यांची जागा हाय ती. तितं कोन टेकत न्हाय.”

तानीबाईचा हात हवेत थांबला. मग तिने मान वर केली आणि मला पाहिले. कुंकू, जास्वंदीचे फूल, खोल गेलेला डावा खांदा, पुसट उजवा, वर अंबाड्याचा गोल डाग.

गंगव्वाही बघत होती. जुन्या वसरीत ती तानीबाईच्या शेजारीच बसायची. तिचे डोळे मोठे झाले. “आगं तानी, ही तर तुज…”

“गप गं,” तानीबाईने तिचा हात दाबला. “पोरीनं फूल वाहिलंय. ऱ्हाऊ दे.”

मग ती शेवंताला म्हणाली, “न्हाय टेकत बाई. तुमचा आज्या लई दमल्याला मानूस असनार बघ. डावीकडं कलून बसलाय.”

“व्हय का?” शेवंता म्हणाली. “ही वर फेट्याची गाठ हाय त्येंच्या.”

“बरं बरं,” तानीबाई म्हणाली.

तिला उभे राहवेना. ती माझ्यापासून हातभर अंतरावर खाली बसली, पाठीला काही न घेता. डावा खांदा खाली गेला. अंबाडा मानेवर आला. समोर खुर्चीत मारुतीराव होते. त्यांनी तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा तिच्याकडे पाहिले. त्यांचा चेहरा माझ्या जन्माच्या वेळच्या रंगासारखा झाला.

“बघू,” ते म्हणाले. “जावा आता.”

दोघी उठल्या. उंबऱ्यावर तानीबाईने मागे वळून एकदा पाहिले आणि ती पावसात गेली.

दिवाळीच्या आधी भीमसेनला निरोप गेला. या वेळी तो पुसायला आला नव्हता.

“सगळ्या खांबास्नी पांढरा रंग दे,” मारुतीराव म्हणाले.

“काय खोट झाली मालक?”

“खोट न्हाय. सुनंला सांगितलंय, घर उजाळ करायचंय.”

“तेवढी पाठ ठेवू?”

“तीच पयली झाक.” मारुतीराव खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, “म्हातारी बरी हाय न्हवं?”

“गेली की मालक. भादव्यात.”

मारुतीराव वळले नाहीत. मग “रंग तेवढा लावून जा,” म्हणाले आणि आत गेले.

भीमसेनने पॉलिश पेपरने मला घासायला घेतले. एकेक पापुद्रा खाली पडत होता. शिरा गेल्या, गाठी गेल्या, भुंग्यांची भोके गेली. पाठीपाशी आल्यावर त्याचा हात हलका झाला. त्याने पेपर खाली ठेवला आणि तळवा त्या डाव्या खांद्यावर ठेवला.

“फरशी वाळायची वाट बघत ऱ्हायलीस व्हय गं?” तो म्हणाला.

मित्रांनो, तंबाखूचे पाणी प्यालेल्या अंगावर पांढरा रंग द्यायचा असेल, तर आधी चपडी लाखेचा हात द्यावा लागतो. नाहीतर आतला डाग रंगातून वर येतो. भीमसेनला ते ठाऊक होते. बाकीच्या तिन्ही खांबांना त्याने चपडी लावली. मलाही वरून आणि खालून लावली. मधली जागा त्याने सोडली. मग सगळ्यांवर पांढरा रंग चढवला, ब्रश धुतले आणि सामान उचलून निघून गेला. या घरात तो परत कामाला आला नाही. पुढे गाव सोडून बेळगावला वडगावात राहायला गेला, असे कोणीतरी बोलताना मी ऐकले.

पुढचा पावसाळा आला. हवा दमट झाली आणि पांढऱ्या रंगावर आधी पिवळी, मग तांबूस झाक येऊ लागली. डावा खांदा आला. मग उजवा, पुसट. शेवटी वरचा गोल डाग.

“मामंजी, बघा तरी!” शेवंता आनंदाने ओरडली. “आज्या परत आलं!” तिने पळत जाऊन फूल आणले.

मारुतीरावांनी दुसरा रंगारी बोलावला. त्याने दोन हात दिले. पुढच्या पावसात पाठ पुन्हा आली. त्यानंतर त्यांनी कोणाला बोलावले नाही. माझ्याजवळून जाताना ते भिंतीकडून जाऊ लागले. त्याच हिवाळ्यात त्यांनी वखारीला पत्र्याची वसरी काढून दिली. शेवंता सांगत होती की तिला खांब म्हणून लोखंडी पाइप लावले आहेत, आणि दुपारी ते इतके तापतात की बायका टेकत नाहीत.

आता मारुतीराव नाहीत. भिंतीवर त्यांचा फोटो आहे आणि त्यात त्यांनी फेटा बांधला आहे. घरातली तरुण मंडळी मला गुळगुळीत फरश्यांनी मढवायचे म्हणत आहेत. मग डाग वर येणार नाही म्हणे. जयाबाई थकल्या आहेत. त्या कोणाशी फार बोलत नाहीत. फक्त माझ्याभोवतीची जागा त्या ओल्या फडक्याने पुसू देत नाहीत. “तितं पानी नगं,” म्हणतात. “कोरडीच झाडा.”

मित्रांनो, माझी आठवण म्हणून मला पुसा, रंगवा, जपा असे मी सांगणार नाही. मला खूप रंगवून झाले आहे. तुमच्या घरी, तुमच्या वखारीत, तुमच्या शेतावर जी माणसे कामाला येतात, ती दुपारी कुठे बसतात तेवढे जाऊन बघा. त्यांच्या पाठीमागे काही आहे का ते बघा. नसेल तर त्यांना आत बोलवा. उद्या नको, आजच बोलवा. आणि दारात कोणी थबकले, स्वतःच्या पायांकडे बघू लागले, तर त्याला माझ्यापाशी आणा. माझ्याजवळची जागा अजून रिकामी आहे.

त्याला सांगा, फरशी वाळली आहे.